तोंडी लावणं

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या दाराची बेल वाजते. एकदा वाजली तर कुरिअरवाला, लागोपाठ दोनदा वाजली तर नातू. तो सातवीत आहे. दप्तर सोफ्यावर, मोजे सोफ्याखाली आणि स्वारी थेट माझ्या खोलीत, पलंगावर मांडी घालून. "आजी, काय आहे?" हा पहिला प्रश्न.

गेली दोन वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीमागे असायचं. बटाट्याच्या चिप्सचं एक पाकीट आणि त्याबरोबर बुडवून खायला चीजचं पांढरं डिप. हे डिप प्रकरण मला नवीन होतं. आमच्या वेळी वेफर नुसते खात. पण नातवाने शिकवलं, "आजी, असा बुडवायचा, मग खायचा." मी शिकले. खोटं कशाला बोलू, मला आवडलंही.

सुरुवात कशी झाली ते सांगते. आधी मी त्याला दडपे पोहे, थालीपीठ, दूध असं काहीबाही द्यायची. तो उभ्याउभ्याच खायचा आणि मोबाईल घेऊन आपल्या खोलीत पसार व्हायचा. एके दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्या गोळ्या आणताना एक पाकीटही आणलं. त्या दिवशी तो बसला. चांगला वीस मिनिटं बसला. भूगोलाच्या बाई कोणाला काय म्हणाल्या, कबड्डीत कोण पडलं, बसमध्ये खिडकीवरून कशी भांडणं झाली, सगळं सांगितलं. पाकीट संपलं तशा गप्पा संपल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकीट, पुन्हा गप्पा. पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला हे त्रैराशिक सोडवायला किती वेळ लागणार? पाकीट मोठं, तर गप्पा लांब.

मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीवर. साडेसात-आठ वाजता येतात. तोपर्यंत रिकामं पाकीट चार घड्या घालून कचऱ्याच्या डब्यात तळाशी गेलेलं असायचं. वर भाजीची देठं. पुरावा नष्ट करण्याची ही कला मी वर्गातल्या मुलांकडूनच शिकले असणार.

गेल्या वर्षीच्या जून महिन्यात शाळेच्या तपासणीच्या कागदासाठी त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. सूनबाईबरोबर मीही गेले होते. डॉक्टरांनी वजन केलं, उंची मोजली, मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. थोडा वेळ थांबून पुन्हा घेतला. वजन उंचीच्या मानाने बरंच जास्त होतं आणि रक्तदाब त्याच्या वयाच्या वरच्या हद्दीला टेकलेला. बारा वर्षांच्या पोराचा! "घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका," असं डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "जेवणाच्या मधल्या वेळेत काय खातो?"

सूनबाई म्हणाली, "घरचंच खातो, डॉक्टर. आई असतात ना घरी."

मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बसले. नातवाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे. बोललं कोणीच नाही.

शाळेत असताना वर्गात कोणी खोडी काढली आणि बाकीची मुलं नाव सांगेनात, की मला राग यायचा आणि मनातून थोडं कौतुकही वाटायचं. त्या दिवशी नाव न सांगणारा मुलगा माझा नातू होता आणि नाव माझं होतं. कौतुक वगैरे काही वाटलं नाही. नुसती लाज वाटली.

त्या रात्री झोप आली नाही. उठले, कपाटातलं उरलेलं पाकीट काढलं, ह्यांचं जुनं भिंग शोधलं आणि पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला बसले. आयुष्यभर मुलांना सांगितलं, धडा वाचताना तळटीप सोडू नका. स्वतः दोन वर्षं पाकिटाचं फक्त तोंड बघत होते!

शंभर ग्रॅम चिप्समध्ये पाचशे तीसच्या आसपास उष्मांक आणि साधारण चौतीस ग्रॅम तेल. म्हणजे वजनाचा तिसरा हिस्सा तेलच. आमचं रोजचं पाकीट पन्नास ग्रॅमचं, म्हणजे सतरा ग्रॅम तेल. चहाच्या चमच्याने मोजलं तर साडेतीन चमचे. कोणी मला म्हणालं असतं की नातवाला रोज चार वाजता साडेतीन चमचे तेल पाज, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मिठाचा हिशोब आणखी लपलेला. पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. माझ्या हातातल्या पाकिटावर शंभर ग्रॅमला सातशे मिलिग्रॅम सोडियम होतं. पन्नास ग्रॅमला साडेतीनशे. गुणिले अडीच म्हणजे पाऊण ग्रॅमच्या वर मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला सुद्धा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि मुलांना त्याहून कमी. शिवाय हे नुसत्या चिप्सचं झालं. डिपचं मीठ वेगळं, वरण-भाजी-लोणच्याचं वेगळं.

सकाळी चहाच्या वेळी सूनबाईला सगळं सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. कप उचलून आत गेली. पुढचे दोन दिवस घरात अगदी कामापुरतं बोलणं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी रात्री माझ्या खोलीत आली आणि उभ्यानेच म्हणाली, "आई, मी ऑफिसातून चार वाजता काही बघू शकत नाही. त्या वेळेचं तुम्हीच बघा. फक्त मला सांगत जा."

शेवटचं वाक्य बरोबर जिथे लागायला हवं होतं तिथे लागलं.

तर आता माझ्यापुढे प्रश्न असा होता : पाकीट बंद करायचं, पण वीस मिनिटं घालवायची नाहीत.

पहिल्या दिवशी उत्साहाने गाजर, काकडी आणि मुळ्याचे लांब तुकडे केले. बरोबर दह्यात पुदिना घालून वाटीभर डिप. ताटली पाहून नातू म्हणाला, "आजी, हे सॅलड आहे." मी म्हटलं, "अरे, बुडवून तर बघ." त्याने माझं मन राखायला दोन काकड्या खाल्ल्या, मुळ्याकडे पाहिलंही नाही, आणि गेला. साडेतीन मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली.

मग दुकानात गेले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, त्यानंतर तर ज्वारी-बाजरी-नाचणीच्या चिप्सची पाकिटं फळीवर दाटीवाटीने उभी असतात. हिरवी पाकिटं, त्यावर कणसाचं चित्र. मी भिंग घेऊनच गेले होते. (दुकानदाराला वाटलं, बाई तपासनीस आहेत की काय!) काही पाकिटं खरंच बरी होती, भाजलेली, कमी तेलाची. पण काहींवर नाचणी मोठ्या अक्षरात आणि घटकांच्या यादीत पाहिलं तर पहिला नंबर तांदळाचा किंवा मक्याच्या पिठाचा, नाचणी कुठेतरी चौथी-पाचवी. यादीत जो पदार्थ सगळ्यात जास्त तो आधी लिहितात, हे लक्षात ठेवलं की पाकीट फसवू शकत नाही. आणि मीठ? ते जवळजवळ सगळीकडे जुन्या पाकिटाएवढंच. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, हे खरं. पण ती तेलात तळून वर मीठ भुरभुरलं की तळलेलं ते तळलेलंच.

भाजलेले पापड करून पाहिले. आवाज छान, तेल नाही. पण पापडात मीठही असतं आणि पापडखारही. रक्तदाबाचं निमित्त असताना रोज पापड देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आठवड्यातून एखादा, इतकंच ठरवलं.

रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचे त्रिकोणी तुकडे मंद तव्यावर फडक्याने दाबून दाबून कडक केले. गुजराती बायका खाकरा करतात तसे. हे मात्र बऱ्यापैकी जमलं. नातवाने सात-आठ तुकडे खाल्ले. पण म्हणाला, "आजी, हे मोडतं, पण वाजत नाही."

या वाक्यापाशी मी अडकले.

मुलाला रात्री हे सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "आई, यावर प्रयोग झालाय." ऑक्सफर्ड विद्यापीठात झाम्पिनी आणि स्पेन्स या दोघांनी लोकांच्या कानाला हेडफोन लावून त्यांना चिप्स खायला दिल्या. त्यांच्याच चावण्याचा आवाज त्यांना हेडफोनमधून ऐकवला. कधी मोठा करून, कधी दाबून. आवाज, विशेषतः त्यातला वरच्या पट्टीचा भाग, वाढवला की तीच चिप लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजी वाटली. दाबला की शिळी आणि मऊ. हा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला आणि २००८ साली त्याला इग् नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. म्हणजे आपण कुरकुरीतपणा निम्मा कानानेच खातो!

मराठीच्या बाईला याचं आश्चर्य वाटायला नको होतं. आपल्या भाषेत हे आधीपासून आहे. इंग्रजी शाळेत जाणारा माझा नातू सगळ्याला 'क्रिस्पी' म्हणतो. पण कुरडई कुरकुरीत, करंजी खुसखुशीत, कैरी करकरीत आणि बुंदीचा लाडू फार दिवस राहिला तर कडक. हे शब्द उच्चारून बघा, दाताखाली तोच आवाज येतो. ज्यांनी हे शब्द केले त्यांनी चावताना कान उघडे ठेवले होते. मुलाला भाजी नको होती असं नाही आणि तेल हवं होतं असंही नाही. त्याला आवाज हवा होता. काकडीचा आवाज ओला, पोळीचा दबका. मला कोरडा, खणखणीत आवाज शोधायचा होता.

आणि तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलेली होते. पुण्याला आल्यावर विसरले होते, इतकंच.

मी सोलापूरची. आमच्याकडे कडक भाकरी करतात. ज्वारीचीच, पण पापडासारखी पातळ, पार कोरडी केलेली. आई काटवटीत पीठ घेऊन आधणाचं पाणी घालायची, मऊ मळायची आणि हलक्या हाताने एवढी पातळ थापायची की परातीचा रंग दिसावा. तव्यावर दोन्ही अंगांनी शेकली की चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. निखाऱ्याच्या धगीने ती हळूहळू वाळत जायची. अशा भाकऱ्यांची चळत डब्यात आठ-पंधरा दिवस सहज टिकते. प्रवासाला निघालेल्याच्या गाठोड्यात त्या हमखास असायच्या. बरोबर शेंगाचटणी. उखळात शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घालून दाण्याचं तेल सुटेपर्यंत कुटलेली. भाकरीचा तुकडा मोडायचा, चटणी दह्यात कालवायची आणि लावून खायचं. मोडताना असा आवाज व्हायचा की माजघरातली आजी विचारायची, "कोण गं भाकरी चोरतंय?"

म्हणजे चिप आणि डिप हे सोलापुरात माझ्या जन्माआधीपासून होतं. फक्त त्याचं कौतुक कोणी केलं नव्हतं. उलट ज्वारी म्हणजे गरिबी. पाहुणे आले की पोळ्या, घरच्यांना भाकरी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची. ती खाल्लेल्या आमच्या पिढीने पुढे चार पैसे आल्यावर भाकरीकडे पाठ फिरवली. मीही फिरवली.

सोलापूरला नणंद असते. तिला फोन केला. तिने कडक भाकऱ्यांचा एक डबा येणाऱ्याबरोबर पाठवून दिला. एका सोमवारी मी चक्का बांधला. साधं घरचं दही फडक्यात चार तास टांगून ठेवलं. त्यात एक चमचा शेंगाचटणी कालवली, वरून कोथिंबीर. ताटलीत अख्खी भाकरी ठेवली. तुकडे मुद्दाम केले नाहीत. आणि 'पौष्टिक' हा शब्द तोंडातून काढायचा नाही असं स्वतःला बजावलं. धडा आवडावा असं वाटत असेल तर त्याचं तात्पर्य आधी सांगू नये.

नातू आला. "हे काय आहे?"

"मोडून बघ."

त्याने मोडली. खणकन आवाज झाला, तुकडे चादरीवर उडाले आणि तो दचकून हसला. मग दुसरा तुकडा कानाजवळ नेऊन मोडला. मग माझ्या कानाजवळ. चक्क्यात बुडवला, खाल्ला. "तिखट आहे," म्हणाला आणि पुढचा घेतला. भूगोलाच्या बाईंनी त्या दिवशी काय केलं ते मला कळलं. चोवीस मिनिटं.

एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पुढच्या आठवड्यात तो कंटाळला. तेव्हा लक्षात आलं की भाकरी तीच चालेल, पण वाटीतलं बदलायला हवं. मग मी आपल्या स्वयंपाकघरातला खजिना उघडला. एके दिवशी डांगर : भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून बारीक कांदा. एके दिवशी मेतकूट-दही. वांगं गॅसवर भाजून दह्यातलं भरीत. सूनबाईने हरभरे आणि तीळ वाटून हमस केलं. मी चाखून म्हटलं, अगं, हे तर आपल्या वाटल्या डाळीचं आणि तिळाच्या चटणीचं भावंड आहे! बीट उकडून किसून दह्यात घातलं की रंगच असा येतो की त्याने आपल्या मित्राला फोनवरून फोटो पाठवला. जवसाची आणि कारळ्याची चटणी दह्यात मिसळली की तीही चालते. आणि गंमत म्हणजे, अशा वाटीबरोबर ताटलीच्या कडेला ठेवलेलं गाजर आणि नवलकोल आता आपोआप संपतं. सॅलड म्हणून जे नको होतं ते भाकरीच्या शेजारी बसल्यावर हवं झालं. मुळा मात्र अजून वाळीतच आहे.

नणंदेचा डबा संपल्यावर मी स्वतः करायला लागले. आता चूल नाही, पण जमतं. भाकरी तव्यावर दोन्हीकडून शेकायची, मग गॅस अगदी बारीक करून फडक्याच्या बोळ्याने दाबत राहायचं. फुगू द्यायची नाही. सगळी ओल निघाली की उभी करून गार करायची. गडबडीने गॅस मोठा केला की करपते, आणि करपलेलं खाऊ नये. २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बटाटा किंवा धान्य फार उष्णतेवर तळलं-भाजलं की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचा नकोसा पदार्थ तयार होतो. जितका काळपट रंग, तितका तो जास्त. म्हणून बदामी रंगावर थांबायचं. आईला अ‍ॅक्रिलामाइड माहीत नव्हतं, पण करपलेली भाकरी ती आम्हाला देत नसे.

हिशोबही सांगते, कारण हिशोबानेच माझी झोप उडाली होती. तीस ग्रॅम पिठाची एक पातळ भाकरी म्हणजे शंभराच्या आसपास उष्मांक. तेल नाही, पिठात मी मीठ घालत नाही. पन्नास ग्रॅमच्या पाकिटाचे दोनशे पासष्ट झाले होते. ज्वारीत चोथाही चांगला असतो, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि रात्रीपर्यंत तो स्वयंपाकघरात घुटमळत नाही. पण याचा अर्थ वाटेल तेवढं खावं असा नव्हे. शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं, म्हणून चटणी एक चमचा. चटणीतलं मीठ मोजून. भाकरी एक, फार तर दीड. चांगल्या पदार्थालाही प्रमाण लागतं, नाहीतर कडक भाकरीचंही पाकीट व्हायला वेळ लागणार नाही.

आणि बटाट्यावर माझा राग नाही. बटाटा हा शब्दच आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, इतका तो जुना पाहुणा. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचे काप वाळत घालायचे आणि कावळे हाकायला आम्हाला बसवायचे. ते वर्षभर उपासाला पुरायचे. उपासापुरते, म्हणून गोड लागायचे. आता शनिवारी सामना असला की आमच्याकडे चिप्सचं एक पाकीट उघडपणे येतं. मोठ्या वाडग्यात ओततात आणि चौघांत खातात. चौघांत एक पाकीट म्हणजे वाट्याला येणारं किती? पण साड्यांमागे आता फक्त डांबराच्या गोळ्या आहेत.

ऑक्टोबरात पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. वजन जवळजवळ तेवढंच होतं, पण उंची दोन सेंटीमीटर वाढली होती. वाढत्या वयात वजन थांबलं तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले. रक्तदाब हद्दीच्या आत आला होता. त्यात संध्याकाळच्या सायकलचा वाटा किती आणि भाकरीचा किती, ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "मधल्या वेळेत काय खातो?" या वेळी सूनबाईच्या आधी मी बोलले. जूनमध्ये काय खात होता आणि कोण देत होतं तेही सांगितलं. डॉक्टर हसले, "आजी, हे त्याच वेळी सांगायचं ना!" सूनबाईने माझ्याकडे पाहिलं नाही, पण जिन्यावरून उतरताना माझा हात धरला. गुडघ्यामुळे असेल.

मराठीत भाकरी-पोळीबरोबर जे खातात त्याला तोंडी लावणं म्हणतात. चटणी, लोणचं, कोशिंबीर. मुख्य जेवण वेगळं, हे त्याच्या जोडीला. व्याकरणात विशेषण असतं ना, तसं. दोन वर्षं मी उलटं समजत होते. मला वाटायचं, पाकीट आहे म्हणून तो बसतो, पाकीट हेच मुख्य आणि गप्पा त्याच्या जोडीला. खरं तर दिवसभर शाळेत साठलेलं कोणाला तरी सांगायचं, हे त्याचं चार वाजताचं जेवण होतं. हातात काहीतरी मोडायला, वाजवायला हवं होतं, ते तोंडी लावणं. ते चिप्सचंच असायला हवं असं मुळीच नव्हतं. मीच कधी दुसरं देऊन पाहिलं नाही, कारण मला भीती वाटत होती. म्हाताऱ्या माणसांना अशी भीती वाटते. हात रिकामा असला तर आपल्याजवळ कोण बसेल? मग आपण हातात काहीतरी घेऊन बसतो. चॉकलेट, पैसे, पाकीट. तुमच्याही घरात अशी एखादी आजी किंवा आजोबा असतील. त्यांना रागावू नका, पण एक भाकरी नेऊन द्या.

अजून दोन वर्षांनी तो नववीत जाईल, क्लास लागतील, चारची बेल वाजायची बंद होईल. तेव्हा भाकरीही त्याला थांबवू शकणार नाही. ते मी धरूनच चालले आहे.

तोपर्यंत एक काम रोजचं आहे. पुण्याच्या पावसाळी हवेत भाकरी डब्यात सुद्धा सादळते. सादळलेली भाकरी त्याला बरोबर कळते. "आजी, ही बोलत नाही," म्हणतो आणि परत करतो. म्हणून रात्री सगळे झोपले की मी डबा उघडते आणि वरच्या भाकरीचा छोटासा तुकडा मोडून बघते. आवाज आला तर झाकण लावून झोपायला जाते. नाही आला, तर बारीक गॅसवर तवा ठेवते.